खोदयंत्र विकत घेण्यापूर्वी शेतावर पारखून घ्या

बैलजोडी घेताना शेतकरी केवळ दात पाहून पैसे मोजीत नाही. तो ती औताला जुंपून पाहतो. लहान पोकलेन, म्हणजेच लहान खोदयंत्र, मात्र पुष्कळदा विक्रेत्याच्या अंगणातच पसंत केले जाते. भुसभुशीत मातीत कोणतेही यंत्र चांगले चालते. त्याचा कस लागतो तो चिकट काळ्या रानात, मुरमाच्या थरात आणि वैशाखाच्या उन्हात. तेथे यंत्र तोकडे पडले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून व्यवहार ठरविण्यापूर्वी पुढील परीक्षा अवश्य घ्यावी.

१. जागा : ज्या शिवारात काम करावयाचे, तेथील सर्वांत कठीण जागा निवडावी. अखंड कातळात लहान यंत्राचे बकेट चालत नाही. तेथे ब्रेकर लागतो. काम तसे असल्यास ब्रेकर जोडूनच यंत्र पाहावे.

२. कामाचे माप : डिझेलची टाकी काठोकाठ भरावी. नंतर २ मीटर लांब, २ मीटर रुंद व १.५ मीटर खोल असे तीन खड्डे सलग खोदावेत. हे काम १८ घनमीटर होते. माप खड्ड्याचे घ्यावे, ढिगाचे नव्हे. कारण उकरलेली माती फुगते. शेवटी टाकी पुन्हा भरली असता डिझेलचा खर्च कळतो.

समजा, या कामास २ तास व ८ लिटर डिझेल लागले. १५ × १५ × ३ मीटरच्या, १:१ उताराच्या शेततळ्याचे खोदकाम ४४१ घनमीटर भरते. त्यास याच वेगाने ४९ तास व १९६ लिटर डिझेल लागेल. खोली वाढेल तसा वेग मंदावतो व माती दूर सारावी लागते. म्हणून प्रत्यक्षात याहून अधिक वेळ धरावा. यंत्राचा हात ३ मीटर खोल पोचतो की नाही, हेही पाहावे.

३. इंजिन व तेल : परीक्षा भर दुपारी घ्यावी. तापमापकाचा काटा धोक्याच्या खुणेकडे सरकू लागल्यास यंत्र नाकारावे. निळसर धूर येत असल्यास इंजिनातील तेल जळत आहे असे समजावे. पाईपची गळती हाताने चाचपू नये; दाबाखालील तेल कातडीत घुसते. पुठ्ठा धरून गळती पाहावी.

४. हात व चेन : भरलेले बकेट उचलून इंजिन बंद करावे व १० मिनिटे थांबावे. हात ठळकपणे खाली आला, तर तेलाच्या दाबात कोठे तरी गळती आहे. या वेळी हाताखाली कोणासही उभे राहू देऊ नये. चिकट चिखलात चेन घसरते काय आणि बांधाच्या उतारावर यंत्र कलते काय, हेही पाहावे.

५. सुटे भाग : बकेटचे दाते, पाईप व गाळण्या तालुक्याच्या गावी मिळतात काय, याची चौकशी करावी. ऐन मे महिन्यात यंत्र आठवडाभर बंद पडले, तर मृगापूर्वीचा हंगाम हातचा जातो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी परीक्षेची वेळ, खोदाई व डिझेल यांची नोंद वहीत करून त्यावर विक्रेत्याची सही घ्यावी. दोन यंत्रांची परीक्षा एकाच जागी झाल्यास तुलना नेमकी होते. जो विक्रेता शेतावर यंत्र आणण्यास तयार नसेल, त्याच्याशी व्यवहार करण्याची घाई करू नये.