सेमारांगमधील चार तास

इंडोनेशियात जाणारे प्रवासी बाली बेट पाहतात, बोरोबुदूरचा स्तूप पाहतात. पण सेमारांगला मुद्दाम थांबणारे थोडेच. हे जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील मोठे बंदर आहे. सुराबायाहून जकार्ताला जाताना मला येथे गाडी बदलायची होती. मध्ये चार तास मोकळे होते. मी तवांग स्थानकाबाहेर पडलो.

समोरच एक मोठे तळे दिसले. ते शोभेसाठी नाही. येथील जमीन वर्षानुवर्षे खचत आहे आणि भरतीचे पाणी रस्त्यांवर येते. ते साठवून पंपाने बाहेर टाकण्यासाठी हे तळे बांधले आहे. इंडोनेशियातील पहिली आगगाडी १८६७ साली याच शहरातून धावली.

मी एक 'बेचाक' केली. ही सायकलरिक्षाच, पण बसणारा पुढे आणि चालवणारा मागे! तिने मला 'लावांग सेवू' या इमारतीपाशी सोडले. या नावाचा अर्थ हजार दरवाजे. १९०७ साली पूर्ण झालेली ही इमारत डचांच्या रेल्वे कंपनीची कचेरी होती. मी दरवाजे मोजू लागलो, पण लवकरच तो नाद सोडला.

जवळच्या टेकडीवर 'काम्पुंग पलांगी', म्हणजे इंद्रधनुष्याची वस्ती आहे. पूर्वी ही गरिबांची, कळकट वस्ती होती. एका मुख्याध्यापकांच्या कल्पनेतून २०१७ साली येथील दोनशेहून अधिक घरे रंगवली गेली. भिंती, छपरे, पायऱ्यासुद्धा! काही ठिकाणी रंग उडाला होता, तरी डोळे निवले. रंग पाहता पाहता मी वाट चुकलो. गाडीला फक्त एक तास उरला होता.

एका ओट्यावर दहा-अकरा वर्षांचा मुलगा बसला होता. त्याला इंग्रजी येत नव्हते आणि मला त्याची भाषा येत नव्हती. त्याने मला "पाक" अशी हाक मारली. मी चमकलो. उर्दूत तर पाक म्हणजे पवित्र! नंतर कळले, 'बापाक' म्हणजे वडील. 'पाक' हे त्याचेच छोटे रूप.

त्याने विचारले, "नामा?" मी नाव सांगितले. भिंतीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "वार्ना." मराठीतला 'वर्ण' मला ओळखू आला. मग मी स्वतःकडे बोट करून म्हटले, "गुरू." तो ताडकन उठला. माझा हात घेऊन त्याने आपल्या कपाळाला लावला. तेथील मुले शिक्षकांना असाच सलाम करतात. आतून त्याची आजी आली आणि "कुर्सी, कुर्सी" म्हणत तिने खुर्ची पुढे केली.

मी तिकीट दाखवले. घड्याळ पाहून मुलगा ओरडला, "वाक्तू!" हा तर आपला वक्त! तो पुढे आणि मी मागे, असे आम्ही धावतच पायऱ्या उतरलो. त्याने मला बेचाकमध्ये बसवले आणि हात हलवत म्हटले, "स्लामात जालान, पाक!"

'जालान' म्हणजे रस्ता, असे बेचाकवाल्याने खुणेने सांगितले. पहिला शब्द मला कोणाला विचारावा लागला नाही.

स्वाध्याय
१. स्थानकासमोर तळे का बांधले आहे?
२. मुलगा ताडकन का उठला?
३. 'स्लामात' हा शब्द कोणत्या उर्दू शब्दासारखा वाटतो? पाठातील असे आणखी दोन शब्द शोधा.