गल्लीतले पुढारी

विद्यार्थी मित्रांनो, 'पुढारी' म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? उंच व्यासपीठ, गळ्यात हार, समोर ध्वनिक्षेपक आणि मागे चालणारी माणसे. असेच ना? आज मी तुम्हांला वेगळ्या पुढाऱ्यांची हकिकत सांगणार आहे. त्यांच्या गळ्यात कोणी हार घातले नाहीत. त्यांतील बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. ही हकिकत भिवंडीची आहे.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील शहर कापडासाठी प्रसिद्ध आहे. तेथे लाखो यंत्रमाग आहेत. कितीतरी गल्ल्यांमधून मागांची खटखट ऐकू येते. कोणी सूत विकतो, कोणाचा माग असतो, तो चालवणारा कामगार उत्तर प्रदेशातून किंवा तेलंगणातून आलेला असतो, आणि विणलेला तागा चौथ्याच माणसाच्या दुकानात जातो. या चौघांत हिंदूही असतात आणि मुसलमानही. एकमेकांवाचून कोणाचेच चालत नाही. मागावरच्या कामगाराला तर जेवढे कापड विणावे तेवढीच मजुरी मिळते. शहरात संचारबंदी लागली की माग बंद, आणि माग बंद झाला की घरातली चूल बंद.

तरीही या शहरात 1970 साली मोठी दंगल झाली. 1984 साली पुन्हा झाली. माणसे मेली, घरे आणि माग जळाले. त्यानंतर भिवंडीचे नाव निघाले की लोक म्हणू लागले, "तेथे हे असे व्हायचेच." मित्रांनो, एखाद्या गावाबद्दल किंवा मुलाबद्दल असे बोलणे फार सोपे असते. एकदा असे म्हटले की कोणालाच काही करावे लागत नाही.

1988 साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. दंगल झाल्यावर ती कशी थांबवावी, हे पोलिसांना शिकवलेले असते. खोपडे यांनी प्रश्न उलटा विचारला. दंगल होऊच नये म्हणून काय करता येईल? शांतता समित्या पूर्वीही होत्या. सण जवळ आला की शहरातील बड्या मंडळींना बोलावायचे, चहा द्यायचा, सगळ्यांनी शांततेवर भाषणे करायची आणि घरी जायचे. पण त्या बड्या मंडळींचे गल्लीत कोण ऐकणार? दगड गल्लीत उचलला जातो. तो खाली ठेवायला सांगणारा माणूसही गल्लीतलाच हवा.

म्हणून त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. अशा सुमारे 70 समित्या शहरात झाल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही होते, आणि ती सगळी साधी, त्याच वस्तीत राहणारी माणसे होती. जोडीला त्या भागातला पोलीस असे. सण असो वा नसो, ही मंडळी नियमितपणे एकत्र बसत.

आता तुम्ही विचाराल, सण नसताना ही माणसे बोलत तरी काय होती? मला तर हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही वस्तीत रोज काय घडते ते आठवा. नळावर भांडण होते. मुलांचा चेंडू कोणाच्या तरी खिडकीवर आदळतो. कोणाची हातगाडी रस्ता अडवते, कोणाचा कर्णा रात्री उशिरापर्यंत वाजतो. भांडणारे दोघे एकाच धर्माचे असले तर ते भांडण नळाचेच राहते. दोघे वेगळ्या धर्मांचे असले, तर संध्याकाळपर्यंत ते दोन समाजांचे भांडण होऊन बसते. ते नळापाशीच मिटवणे, हे अशा समितीचे खरे काम.

अशा छोट्या कामांतून माणसे एकमेकांना ओळखू लागतात. नाव, घर, मुलांची शाळा, सगळे ठाऊक होते. ही ओळख पुढे फार उपयोगी पडते.

'अफवा' हा शब्द तुम्हांला नवीन नाही. उर्दूतही तो आहे, आणि दोन्ही भाषांनी तो अरबीतून घेतला आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ आहे 'तोंडे'! एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते ती अफवा. दंगलीला सर्वांत आधी लागते ती हीच. "पलीकडच्या गल्लीत आपल्या माणसाला मारले," असे कोणी सांगितले आणि पलीकडच्या गल्लीत आपल्या ओळखीचे कोणीच नसले, तर खरेखोटे कोणाला विचारणार? पण तेथे महिन्या-महिन्याला आपल्यासोबत बसणारा माणूस असेल तर? आपण त्याच्या दारात जाऊ आणि विचारू.

मग 1992 सालचा डिसेंबर महिना आला. अयोध्येत 6 डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली आणि देशभर आग भडकली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 या दोन महिन्यांत मुंबईतील दंगलींत सुमारे 900 माणसे मरण पावली. भिवंडी मुंबईच्या शेजारीच आहे. मुंबईच्या बातम्या रोज तेथे पोहोचत होत्या आणि त्यांबरोबर अफवाही. उद्या काय होईल, हे कोणालाच सांगता येत नव्हते. सर्वांना वाटत होते, आता भिवंडी पेटणार. भिवंडी पेटली नाही.

या यशाची गंमत पाहा. दंगल झाली की वर्तमानपत्रांत मोठे मथळे येतात. न झालेल्या दंगलीचा मथळा कसा छापणार? त्या रात्री कोणी कोणाच्या दारात जाऊन खरेखोटे केले, कोणी आपल्या मुलाचा हात धरून त्याला घरात आणले, याची नोंद कोठे सापडेल?

हे यश कोणाचे? खोपडे यांचे तर आहेच. त्यांच्या हाती अधिकार होता, काठी होती. तरी त्यांनी माणसांना एकत्र बसवण्याचा रस्ता धरला, आणि तोही संकट दूर असताना. पण नुसत्या एका अधिकाऱ्याने एवढे मोठे शहर राखले असते, हे मला पटत नाही. सुरुवात करणारा एक होता. पुढे चालवणारे शेकडो होते.

मात्र भिवंडीचे प्रश्न कायमचे सुटले, असे समजू नका. 2006 साली पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तेथे पुन्हा हिंसा झाली. नागरिकही मेले आणि पोलीसही. एकदा मिळवलेला विश्वास कपाटात ठेवून टिकत नाही. तो रोज वापरावा लागतो.

मुंबईने भिवंडीकडून हा धडा घेतला. दंगलींनंतर 1994 साली मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. जुलिओ रिबेरो यांच्यासारखे निवृत्त पोलीस अधिकारी आणि अनेक सामान्य नागरिक तिच्यात आले. बैठका तर झाल्याच. पण या मंडळींनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी क्रिकेटचे सामने भरवले, आणि वस्तीतले तरुण व पोलीस मैदानात एकत्र उतरले.