आठवणी सांगणारा ‘मी’ कोण? – विव्हियन गॉर्निक यांचे लेखन

आपल्या मंडळींत आठवणी सांगणारे पुष्कळ, लिहिणारे थोडे. लिहावयास बसले की घडलेले दोन पानांत संपते आणि लेखणी अडते. या अडचणीचा आयुष्यभर विचार केलेल्या एका लेखिकेची ओळख आज करून घेऊ.

विव्हियन गॉर्निक यांचा जन्म १९३५ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कामगार कुटुंबात झाला. त्या तेरा वर्षांच्या असताना वडील वारले, आणि आईने वैधव्य हाच जणू आपला धंदा केला. १९६९ ते १९७७ गॉर्निकबाईंनी ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात स्त्रीमुक्ती चळवळीवर लिहिले. इजिप्तवर व अमेरिकन कम्युनिस्टांवर पुस्तकेही झाली. खरे नाव झाले १९८७ च्या ‘फिअर्स अटॅचमेंट्स’ने. म्हातारी आई आणि प्रौढ मुलगी मॅनहटनच्या रस्त्यांवरून चालतात व भांडतात. मधूनमधून ब्राँक्समधले जुने बिऱ्हाड, शेजारीण नेटी. घटना म्हणाल तर एवढीच!

मग पुस्तक धरून कशाने ठेवते? याचे उत्तर ‘द सिच्युएशन अँड द स्टोरी’ (२००१) मध्ये आहे. एका डॉक्टरांच्या अंत्यविधीला अनेकजण बोलले. मनाला भिडले ते त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका बाईंचे भाषण. का? आपण येथे शिष्या म्हणून बोलत आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून काय सांगावे आणि काय गाळावे हे आपोआप ठरले. प्रसंग वेगळा आणि त्यातून उमगलेली गोष्ट वेगळी, हा भेद ध्यानात घ्यावा.

२००३ साली मात्र वादळ उठले. आईबरोबरचे काही प्रसंग आपण रचले, जुळवले, असे त्यांनी पत्रकारांपुढे सांगितले, ऐकणारे संतापले. आत्मकथन म्हणजे वार्तांकन नव्हे, हे त्यांचे उत्तर. मला ते अर्धेच पटते. तीस वर्षांपूर्वीचे संभाषण शब्दशः कोणाला आठवते? पण जुळवाजुळव केली असेल तर वाचकाला प्रस्तावनेतच सांगावे.

स्वतःच्या लेखनाकडे पाहताना बाई कठोर आहेत. कम्युनिस्टांवरील १९७७ चे पुस्तक २०२० साली पुन्हा निघाले, तेव्हा आपली त्या वेळची भाषा फार भावनाविवश होती, असे त्यांनी नव्या प्रस्तावनेत स्वतःच लिहिले.