शोधयंत्र अनुकूलन : विक्रीपलीकडील आर्थिक लाभ

बाजारात वस्तू उपलब्ध असणे आणि ती ग्राहकाला सापडणे या दोन भिन्न बाबी आहेत. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘माहितीचे अर्थशास्त्र’ या विषयावरील निबंधात दुसऱ्या बाबीकडे लक्ष वेधले. योग्य किंमत व योग्य विक्रेता शोधण्यासाठी ग्राहकाला वेळ आणि श्रम खर्ची घालावे लागतात. हा शोधखर्च जितका अधिक, तितकी एकाच वस्तूच्या किमतींतील तफावत टिकून राहते. आज या शोधाचा मोठा भाग इंटरनेटवरील शोधयंत्रांद्वारे होतो. त्यामुळे शोधनिष्कर्षांतील क्रम हा आर्थिक विश्लेषणाचा विषय ठरतो.

संकल्पना

संबंधित प्रश्न विचारणाऱ्यास आपले संकेतस्थळ वरच्या क्रमाने दिसावे म्हणून त्याची रचना, मजकूर व तांत्रिक बाजू सुधारणे म्हणजे शोधयंत्र अनुकूलन, अर्थात सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. शुल्क देऊन झळकणाऱ्या जाहिरातीहून ते वेगळे आहे. १९९८ मध्ये लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पद्धतीत एका पानाकडून दुसऱ्याकडे जाणारा दुवा हे जणू मत मानले गेले. महत्त्वाच्या पानाच्या मताला अधिक वजन मिळाले. आज त्यात इतर अनेक निकषांची भर पडली आहे.

उद्योगसंस्थेला होणारे लाभ

पहिला लाभ खर्चाच्या स्वरूपाचा आहे. जाहिरातीचा खर्च थांबताच तिचा परिणामही बव्हंशी थांबतो. संकेतस्थळावरील सुधारणा मात्र भांडवली गुंतवणुकीप्रमाणे काही काळ फळ देते. समजा, एखादा उद्योजक जाहिरातीवर दरमहा २०,००० रुपये खर्च करतो. म्हणजे वर्षाला २,४०,००० रुपये. तितकेच ग्राहक मिळवून देणाऱ्या अनुकूलनासाठी प्रारंभी १,२०,००० रुपये व देखभालीस दरमहा ५,००० रुपये लागले, तर पहिल्या वर्षाचा खर्च १,८०,००० रुपये आणि दुसऱ्या वर्षाचा केवळ ६०,००० रुपये होईल. अर्थात, या भांडवलालाही घसारा असतो. क्रमनिश्चितीचे निकष बदलले की फेरगुंतवणूक करावी लागते.

दुसरा लाभ माहितीचा. ग्राहक कोणत्या शब्दांत व कोणत्या हंगामात शोध घेतात, यावरून मागणीचा अंदाज बांधता येतो. तिसरा लाभ सेवेचा. पान लवकर उघडावे, मोबाइलवर नीट वाचता यावे, चित्रांना शब्दवर्णन असावे, या सुधारणा अनुकूलनासाठी केल्या जातात. पण शब्दवर्णनामुळे दृष्टिबाधित ग्राहकालाही संकेतस्थळ वापरता येते आणि स्पष्ट माहितीमुळे चौकशी हाताळण्याचा खर्च घटतो. चौथा लाभ बाजारविस्ताराचा. लहान उत्पादकाला दूरच्या शहरात दुकान न थाटता तेथील ग्राहकापर्यंत पोहोचता येते.

खासगी लाभ व सामाजिक लाभ

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद लक्षात घ्यावा. पहिल्या पानावरील जागा मर्यादित असतात. एक वर चढला की दुसरा खाली येतो. सर्वच विक्रेत्यांनी सारखा खर्च केला आणि क्रम पूर्वीचाच राहिला, तर ती ‘कैद्यांची कोंडी’ होय. तथापि, त्या ओघात सर्वांनी किंमत, दर्जा व परतीच्या अटी स्पष्ट केल्या, तर ग्राहकांचा शोधखर्च घटतो. हा सामाजिक लाभ आहे. केवळ शब्दांची पेरणी व विकत घेतलेले दुवे यांवर झालेला खर्च मात्र समाजाच्या दृष्टीने अपव्ययच ठरतो.

बनारसी साडीचे उदाहरण उद्बोधक आहे. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. तरीही यंत्रमागावरील नक्कल त्याच नावाने विकली जाते. शोधयंत्र शब्दांची सुसंगती तपासते. धागा तपासत नाही. नक्कल विकणाऱ्याचे संकेतस्थळ अधिक सफाईदार असेल, तर विणकराची अस्सल साडी मागे पडू शकते. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये वर्णिलेली, निकृष्ट मालाने उत्कृष्ट माल बाजाराबाहेर ढकलण्याची प्रक्रिया येथे दिसते. एकट्या विणकराला हा खर्च झेपत नाही. सहकारी संस्थेने सर्वांसाठी एकत्रित संकेतस्थळ उभारल्यास तो विभागला जातो.

नियमन व धोरण

क्रम ठरविणारी संस्था स्वतःच्याही सेवा विकत असेल, तर हितसंबंधांचा संघर्ष उद्भवतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधनिष्कर्षांतील पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या आदेशाविरुद्ध अपीलही झाले. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये ठोठावलेला २४२ कोटी युरोंचा दंड युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायम केला. दरम्यान, २०२४ पासून भारतातही शोधयंत्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांशरूप उत्तर देऊ लागली आहेत. ग्राहकाला तेथेच उत्तर मिळाल्यास मूळ संकेतस्थळाला भेट देण्याचे कारण उरत नाही.

भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २०१४ मध्ये देवनागरीत ‘.भारत’ हे क्षेत्रनाम उपलब्ध झाले; परंतु केवळ पत्ता भारतीय भाषेत असून भागत नाही, त्यामागील मजकूरही हवा. म्हणून लघुउद्योगांना भारतीय भाषांतील मजकुरासाठी प्रशिक्षण, उत्पादक संस्थांना सामूहिक सहाय्य आणि क्रमनिश्चितीत पारदर्शकता, या तीन अंगांनी धोरण आखावे लागेल. शोधखर्च घटल्याने स्पर्धा वाढते, हे खरे. पण त्या स्पर्धेत अस्सल उत्पादक दिसेनासा झाला, तर घटलेल्या खर्चाचा लाभ ना त्याला मिळेल, ना ग्राहकाला.