शिंपल्यातले बाळ आणि ‘खरी आई’



मागच्या चातुर्मासात एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. आख्यान लावले होते नामदेवरायांच्या जन्माचे. ताहराबादच्या महिपतिबुवांनी शके १६८४ मध्ये, म्हणजे इ. स. १७६२ साली, ‘भक्तविजय’ पुरा केला. त्यात दामाशेटींना भीमेच्या पात्रात शिंपल्यात बाळ सापडते आणि गोणाई ते उराशी धरते. ओवी सोपी, प्रसंग गोड; पोरे पुढे सरकून ऐकत होती. कीर्तन संपल्यावर नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा पाया पडला नि हळूच म्हणाला, “महाराज, मग त्यांची खरी आई कोण?”

आम्ही घाईत बोलून गेलो, “अरे, ते कुणाला ठाऊक!” पोराचे तोंड उतरले. मागाहून कळले, तो दत्तक घेतलेला होता.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. चूक ओवीची नव्हे, आमच्या जिभेची. लहानपणी गुरुजींनी उद्योगपर्व शिकवले, ते ऐनवेळी कुठे गेले? श्रीकृष्ण कर्णाला जन्माचे गुपित सांगून राज्य देऊ करतात. कर्ण काय म्हणतो? राधेला माझ्या मायेने पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, अधिरथाने माझे जातकर्म केले. त्यांना मी अंतरू कसा? व्यासांनी निवाडा तिथेच केला आहे.

आपल्या जनाबाईचे पाहा. गंगाखेडची पोर दामाशेटींच्या घरी वाढली. वाट्याला दळणकांडण आले, मुद्राही दासीचीच. हे मुलांपासून लपवू नये. पण नामदेवांच्या परिवाराचे अभंग म्हणताना जनीला कोण वगळील?

कायदाही हेच सांगतो. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येते, दत्तहोमाची सक्ती नाही, आणि मूल सर्व बाबतींत त्या घरचेच होते.

म्हणून कीर्तनकार बंधूंना विनंती : मुलांपुढे ही आख्याने जरूर लावा, पण ‘सापडले’ या शब्दावर थांबू नका, मांडीवर कोणी घेतले तिथवर न्या.

काल्याच्या दिवशी आम्ही त्या मुलास जवळ बोलावले. म्हटले, “बाळा, परवा आम्ही चुकलो. नामदेवांची खरी आई गोणाईच.” त्याने विचारले, “नक्की?” “नक्की,” आम्ही म्हणालो. काल्याची मूठ घेऊन तो आपल्या आईकडे पळाला.

रामकृष्णहरि.