अनुदान नंतर, मग आधी पैसे कुठून?

प्रश्न : आम्ही अल्पभूधारक आहोत. शौचालयाचे १२,००० रुपये बांधून झाल्यावरच मिळतील, असं ग्रामसेवक म्हणतात. गवंडी उधारीवर येत नाही. कर्ज काढावं का?
– एक भगिनी, जि. बीड

उत्तर : ताई, ग्रामसेवक बरोबर सांगताहेत. स्वच्छ भारत मिशनमध्ये अल्पभूधारक पात्र आहेत, पण रक्कम काम पूर्ण होऊन फोटो चढल्यावर खात्यात येते. आधी यादीत नाव आलंय का ते पाहा; मंजुरीआधी विटा उतरवू नका. मधल्या काळासाठी बचत गटातून कर्ज घ्यायला हरकत नाही. व्याज घटत्या शिल्लकेवर आहे ना, एवढं विचारा, आणि अनुदान उशिरा येईल असं धरूनच हप्ता ठरवा. सावकाराकडे मात्र जाऊ नका.

खर्च फुगतो तो बहुधा जमिनीखाली. गवंडी मोठी सेप्टिक टाकी सुचवेल. तिची गरज नसते. दोन शोषखड्डे घ्या : साधारण मीटरभर खोल, मध्ये मीटरभर अंतर, विटांच्या बांधणीत भोकं, तळ कच्चाच. एक भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिल्यातल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं. विहीर-बोअर जवळ असेल किंवा कातळ लागला, तर ग्रामपंचायतीच्या अभियंत्याला जागा दाखवा. टाइल्स काय, पुढच्या हंगामातही लागतील.