चोपदाराचा दंड आणि घरातील मोबाईल



आषाढी वारीत माउलींची पालखी तळावर आली, की समाजआरतीपूर्वीचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. चोपदार दंड उंचावतात आणि सगळ्या दिंड्यांचे टाळमृदंग एकदम शांत होतात. मात्र एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, तर तेवढी दिंडी टाळ वाजवीतच राहते. चोपदार तेथे जातात, म्हणणे ऐकून घेतात, मार्ग काढतात. मग आरती होते. येथे शिस्त आहे, आणि शिस्तीला कानही आहेत. मुलांच्या हातातील मोबाईलविषयी जे सांगावयाचे, त्याचे मर्म या प्रसंगात आहे.

पवनाकाठचे पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेते होती तेथे इमारती उभ्या राहिल्या. कोणाचे आईबाप हिंजवडीला, कोणाचे चाकणला पाळीवर. पोर शाळेतून येते आणि स्वतःच कुलूप उघडते. घरात बोलायला कोणी नाही. मग इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप हेच सोबती. आणि आईबाप म्हणतात, "महाराज, पोरगं फोन सोडतच नाही, काय करावं?"

प्रथम हे साधन काय आहे ते समजून घ्यावे. ते फुकट मिळते, कारण कंपनीची कमाई जाहिरातींवर आहे. आपण जितका वेळ पाहू, तितक्या जाहिराती दिसतात. म्हणून एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप पुढे येते. पोथीला अध्यायाची समाप्ती असते, याला नाही. तेव्हा दोष एकट्या पोराच्या मनाचा नव्हे. मोठी माणसेही त्यात गुंततात! उलट, याच साधनावर मुले अभ्यासाच्या शंका विचारतात, दूरच्या सोबत्याची खुशाली घेतात, कीर्तनेही ऐकतात. म्हणून सरसकट विष म्हणून चालणार नाही.

आता दोन गावांचे दाखले पाहा. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी हे गाव आहे. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करण्याचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी वाट धरली. सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवावयाचा, साडेआठला पुन्हा. मधल्या दीड तासात मुलांचे मोबाईल बंद, आणि थोरांचे टीव्हीही बंद! करोनाच्या काळात फोनवरच शाळा झाल्याने मुलांना लागलेली सवय मोडावी, हा हेतू होता. वडगावचा भोंगा म्हणजे चोपदाराचा दंडच की! तो सर्वांसाठी वाजतो, म्हणून त्याला मान मिळतो. बाप स्वतः फोन पाहत पोराला "ठेव तो" म्हणेल, तर पोर का ऐकेल?

कोणी म्हणेल, "फोन काढूनच घेतला तर प्रश्न मिटला." मिटला का? समजा, एका मुलीला अनोळखी माणूस गोड बोलून तिचा फोटो मागतो आणि मग धमकावतो. फोन कळला तर बाबा मारतील, शाळा बंद करतील, या भीतीने ती गप्प राहते. लेकराचा टाळ वाजतो आहे, पण ऐकायला चोपदार नाही! बंदीने फोन दिसेनासा होतो; संकट तसेच राहते.

कायदाही पालकांना बाजूला ठेवीत नाही. आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यास पालकाची पडताळलेली संमती सांगितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या नियमात तेरा वर्षांखाली खाते नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशी खाती बंद केली. पण सरकारचा नियम दारापर्यंत येतो. घरातले काम आईबापांचेच.

तेव्हा पाच गोष्टी कराव्यात. तेरा वर्षांपर्यंत खाते नको. पुढे खाते उघडताना शेजारी बसावे. अनोळखी माणसाला दार बंद ठेवावे. रोज एक वेळ, मग ती हरिपाठाची असो वा जेवणाची, घरातले सारे फोन एका जागी ठेवावेत, आपला पहिला. आणि मुलाला शब्द द्यावा, "काहीही झालं तरी मला सांग, मी आधी ऐकीन." तसा प्रसंग आलाच तर पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि पैशाच्या सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत.

दंड उचलण्याचा अधिकार आईबापांना आहेच. पण एखादे लेकरू टाळ वाजवीत राहिले, तर त्याला बंडखोर म्हणू नका. त्याचे काही गाऱ्हाणे आहे. जवळ जा, ऐका. मग आरती आपोआप सुरू होईल.

रामकृष्ण हरि.